मदत हवी आहे: आठ फुटी फिरता रंगमंच, चाकं वर की खाली?

सोलापुरातल्या आमच्या युवा नाट्यसंस्थेची यंदा तीन नाटकं आहेत. तिन्हींना एकच फिरती चकती वापरायची आहे. व्यास आठ फूट, १२ मिमी प्लायचे दोन थर, प्रत्येक थरात चार पाव-तुकडे. वरचा थर ४५ अंश फिरवून ८ मिमी बोल्ट-विंगनटने आवळायचा, म्हणजे सांध्यावर सांधा येत नाही. थराला ८×४ च्या दोनच शीट लागतात आणि सुटे तुकडे छोटा हत्तीत आरामात मावतात.

अडचण चाकांची आहे. खाली आठ फिक्स चाकं लावली (वळणारी नकोतच, दिशा उलटली की आधी ती वळतात आणि चकती हिसका देते), तर रंगमंचाची फळी वर-खाली असेल तिथे दोन चाकं अधांतरी राहतात आणि कडेला उभा नट डुलतो. चाकं उलटी करून लोखंडी चौकटीवर बसवली तर लेव्हल छान मिळते, पण खालच्या थराचे सांधे त्यांवरून जाताना टकटक वाजतात. शांत प्रवेशात हे अजिबात चालणार नाही.

सांध्यांखाली काय लावावं, रबर शीट की एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाची) रिंग? तीन इंची पीयू (पॉलियुरेथेनची) चाकं सहा जणांना पुरतील का? आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीत पाइपची रिंग अचूक वाकवून देणारं कुणी माहीत आहे का?