मृगातले ते चार तारे एवढे मोठे झाले कसे?

निशाचर77: परवा गच्चीवर दुर्बीण लावून मृगातला तेजोमेघ बघत होतो, त्रिकांडाखालचा तो धुरकट डाग आणि मधे चार तारे. लेक म्हणाली बाबा हे एवढे मोठे कसे झाले, मी ठोकून दिलं की ढग आकसतो आणि तारा होतो. नंतर वाचलं तर वस्तुमान 8 सूर्यांच्या वर गेलं की तारा पूर्ण व्हायच्या आधीच पेटतो आणि येणारा गॅस प्रकाशानेच ढकलायला लागतो. मग त्यातला मोठा तारा 30 सूर्यांच्या वर गेलाच कसा? आणि हे फिलामेंट म्हणजे काय?

कृष्णमेघ: ढग म्हणजे गोळा, हे आधी डोक्यातून काढा. हर्शेल दुर्बिणीने दाखवलं की आत गॅसचे धागेच धागे असतात, तेच फिलामेंट, आणि चार-पाच धागे जिथे एकत्र येतात त्या गाठीत, म्हणजे हबमधे, मोठे तारे सापडतात. एसडीसी335 नावाचा काळा ढग आहे, 10 हजार प्रकाशवर्षांच्या पलीकडे. 2013 मधे अल्मा या चिलीतल्या रेडिओ दुर्बिणींची निरीक्षणं आली तर सहा धागे आणि मधल्या गाठीत 545 सूर्यांचा माल! वर्षाला 0.0025 सूर्य एवढा गॅस आत येतोय, म्हणजे 400 वर्षांत एक अख्खा सूर्य. तारा जेवता जेवताच वाढतो हो. गॅस दाट धारांनी आणि ताऱ्याभोवती फिरणाऱ्या तबकडीतून येतो, प्रकाश विरळ बाजूने सटकतो.

शंकासुर: फोटोत धागा दिसला म्हणजे त्यातून काही वाहतंय हे कशावरून? आमच्याकडे पाइप आहे, पाणी नाही 😀

कृष्णमेघ: धुळीच्या फोटोवरून नाहीच कळत. 3 मिलीमीटर तरंगलांबीच्या आसपास गॅसमधल्या रेणूंची वर्णपटातली रेषा मोजतात, ती किती सरकली त्यावरून वेग. पण खोच अशी की धागा आपल्याकडे झुकलाय का पलीकडे हे माहीत नसेल तर आत येणारं आणि बाहेर जाणारं सारखंच दिसतं. म्हणून गाठीजवळ वेग वाढतोय का ते बघायचं. 2017 मधे स्पेनमधल्या 30 मीटरच्या इराम दुर्बिणीने नेमकं तेच दिसलं, आणि कुठे, तर निशाचरांच्या त्याच चार ताऱ्यांच्या मागच्या ढगात! तो धागा इंटिग्रलच्या चिन्हासारखा (∫) वळलेला आहे.

निशाचर77: भारी! मग आपल्या खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीने दिसेल का हे?

कृष्णमेघ: या रेषा नाही, जीएमआरटी दीड गिगाहर्ट्झच्या खालीच काम करते आणि या 90 च्या वर. पण तारा पेटल्यावर आजूबाजूचा हायड्रोजन आयनित होतो (इलेक्ट्रॉन सुटा होतो), तो मस्त दिसतो.

निशाचर77: लेकीला सगळं सांगितलं. म्हणते, धागे एकाच गाठीत येतात तर मग तारे चार का? झोपतो आता.