शब्दचर्चा : ‘रेझिलियन्स’ला लवचिकता म्हणावं की सावरणं?

नमस्कार मंडळी. एका शब्दासाठी तुमची मदत हवी आहे, आणि त्या निमित्ताने थोडं मनातलंही लिहिते.

मानसिक आरोग्यावरच्या एका सोळा पानी पुस्तिकेचा अनुवाद तपासायला माझ्याकडे आला आहे. दवाखान्याच्या बाकावर नंबर लावून बसलेल्या माणसाच्या हातात ती पडणार आहे. मूळ इंग्रजीत ‘रेझिलियन्स’ (आघातातून पुन्हा उभं राहणं) अकरा वेळा आणि ‘हीलिंग’ नऊ वेळा येतं. अनुवादात पहिल्यासाठी कुठे ‘लवचिकता’, कुठे ‘खंबीरपणा’, एके ठिकाणी तर ‘प्रतिरोधक्षमता’ आहे. दुसऱ्यासाठी सरसकट ‘उपचार’. तिसऱ्या पानावर वाक्य आहे, ‘आपली मानसिक लवचिकता वाढवा आणि खंबीर बना.’ तिथे मी अडले ती अडलेच.

का अडले ते सांगते. आम्ही सांगलीचे, घर नदीच्या बाजूला. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी घरात आलं, २००५ सालापेक्षाही वर. पाणी उतरल्यावर दीड महिना मी चिखल काढत होते. गाद्या, भांडी, मुलांची दप्तरं, सासऱ्यांच्या हिशेबाच्या वह्या. येणारा-जाणारा म्हणायचा, ‘किती खंबीर आहेस गं!’ दिवाळीही केली, चकल्यासुद्धा केल्या. आणि जानेवारीतल्या एका सकाळी अंथरुणातून उठून बेसिनपर्यंत जाणं होईना. समोर ठेवलेला चहा निवून जायचा. भाजीत मीठ पडलंय की नाही कळायचं नाही, कारण तोंडाला चवच नव्हती. तरी डॉक्टरांकडे जायला मी आणखी दोन महिने घालवले. खंबीर बाईने असल्या गोष्टीसाठी दवाखान्यात जायचं नसतं, असं मला अगदी मनापासून वाटत होतं. शेवटी मार्चमध्ये गेले, पंधरा दिवसांत टाळेबंदी लागली आणि पुढच्या भेटी फोनवरच झाल्या.

त्या एका विशेषणाने माझे दोन महिने खाल्ले. पुस्तिकेत ते नको, एवढं माझं ठरलं आहे.

‘लवचिकता’ निरुपद्रवी वाटते, पण तिथेही मला अडचण दिसते. रेझिलियन्स शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधली ‘उसळी मारून मागे येणं’ ही कल्पना आहे. स्प्रिंग ताणली, सोडली, पुन्हा जशीच्या तशी. आपल्या विज्ञानाच्या पुस्तकात त्याच्या जवळचा शब्द होता, स्थितिस्थापकता. बल काढून घेतलं की वस्तू मूळ आकारात येते. माणूस येतो का? मी आले नाही. आज बरी आहे, कामं करते, हसते, पण २०१९ च्या जुलैतली बाई मी नाही.

मग आमच्या घरात त्या काळात कोणते शब्द कानावर पडत होते ते आठवत बसले. आई फोनवर मावशीला सांगायची, ‘सावरतीय हळूहळू.’ हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले, पण त्याच्याकडे नीट पाहिलं नव्हतं. ‘तोल सांभाळला’ आणि ‘तोल सावरला’ यांत फरक आहे. सांभाळला म्हणजे तो जाऊच दिला नाही. सावरला म्हणजे जात होता, थोडा गेलाही होता, तेवढ्यात परत मिळाला. पदर सावरतात तो घसरल्यावर. म्हणजे ‘सावरणं’ म्हणताना घसरणं गृहीत धरलेलं असतं आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नसतं. ‘खंबीर’ या शब्दात घसरायला जागाच नाही.

दुसरं म्हणजे हे क्रियापद अकर्मकही आहे आणि सकर्मकही. ‘ती सावरली’ आणि ‘बहिणीने तिला सावरलं’, दोन्ही चालतं. आपण आपलं सावरणं आणि दुसऱ्याने सावरणं यांसाठी भाषेने वेगळे शब्द केलेच नाहीत. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण माझ्या बाबतीत कुठे माझं मी संपत होतं आणि कुठे आईचं सुरू होत होतं, ते मला आजही सांगता येणार नाही. याचा भाऊ ‘आवरणं’ मात्र वेगळ्या वळणाचा आहे. ‘रडू आवर’ म्हणजे झाकण घाल.

एक सावधगिरी. आज्ञार्थात ‘सावरणं’ही बोचतं. ‘सावर आता स्वतःला’ हे मी शंभर वेळा ऐकलंय आणि दर वेळी थोडी आणखी खाली गेले आहे.

‘हीलिंग’साठी माझ्या डोक्यात ‘भरून येणं’ आहे. जखम भरून येते. बघा, ‘जखम भरून काढ’ असं आपण कुणाला सांगत नाही. नुकसान भरून काढतात, बुडालेली शाळा भरून काढतात, जखम मात्र आपली आपण भरून येते. आपण फक्त ती स्वच्छ ठेवायची, खपली काढायची नाही. आणि हेच क्रियापद रडण्यालाही आहे. ऊर भरून येतो, डोळे भरून येतात, आभाळ भरून येतं. कित्येक महिने मला रडूच आलं नव्हतं. ज्या दिवशी आलं, त्या दिवशी आई म्हणाली, ‘बरं झालं.’ त्या ‘बरं’चा अर्थ तेव्हा लागला नाही.

तर तुमच्याकडे काय म्हणतात? तुमचे शब्द सांगा. विरोध असेल तर तोही सांगा.

प्रतिसाद १

ताई, तुमचं पटलं, पण ‘लवचिक’ला इतक्या लवकर बाहेर काढू नका. तो स्प्रिंगचा शब्द नाही, तो ‘लवणं’ या धातूतून आलाय. लवून नमस्कार करतो तो. तुकोबांचं ‘महापुरें झाडें जाती । तेथें लव्हाळ वांचती’ आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पुरात वाकून राहणारं लव्हाळं हे मराठी माणसाच्या मनातलं रेझिलियन्सचं चित्र आहे आणि ते रबरापेक्षा पुष्कळ जुनं आहे. तुम्ही तर पूर पाहिलेला. दोष शब्दाचा नाही, ‘वाढवा’ या क्रियापदाचा आहे. लवचिकता काय साखरेसारखी डब्यात वाढवायची असते?

प्रतिसाद २

मी मनोविकार विभागात समुपदेशनाचं काम करते. पेशंटबरोबर आलेल्या आज्या जो शब्द वापरतात तो इथे अजून आला नाही, म्हणून लिहिते. ‘उतार पडणं.’ ‘डॉक्टर, हिच्या दुखण्याला थोडा उतार पडलाय.’ तापासाठी वापरतात तोच शब्द मनाच्या आजारालाही वापरतात आणि मला त्यात मोठं शहाणपण दिसतं. उतार एकदम पडत नाही, मध्ये पुन्हा थोडं चढतंही, आणि तो पडला म्हणून त्या दिवसापासून गोळ्या बंद करायच्या नसतात.

तसाच ‘गुण येणं’. नैराश्याच्या औषधांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे जातात, काहींना जास्तही लागतात. लोक आठव्या दिवशी म्हणतात, ‘गुण नाही आला,’ आणि सोडून देतात. बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा महिने तरी औषध चालू ठेवायला डॉक्टर सांगतात. मी तेव्हा ‘पथ्य’ हा शब्द वापरते. ‘मेंटेनन्स डोस’ म्हटलं तर कुणाला काही कळत नाही, ‘आता पथ्याचे दिवस आहेत’ म्हटलं की सासूसुद्धा ऐकते. बाळंतीण असो, टायफॉइडमधून उठलेला असो, त्याला लगेच कामाला जुंपायचं नाही हे आपल्या घरांना माहीत आहे. तेच मनाच्या दुखण्याला लागू करायचं.

‘नैराश्य’वर मात्र माझा राग आहे. निराशा वेगळी, हा आजार वेगळा. परीक्षेत नापास झाल्यावर येते ती निराशा. माझ्याकडे असेही पेशंट येतात ज्यांचं सगळं सुरळीत चाललंय आणि तरी सकाळ होऊ नये असं वाटतं. त्यांना ‘नैराश्य’ म्हटलं की घरचे विचारतात, ‘पण निराश व्हायला झालंय काय?’

प्रतिसाद ३

आम्ही पंढरपूरकडचे शेतकरी. आमच्याकडचा शब्द ‘बसकण’. औताचा बैल भर तासात खाली बसला की म्हणतात, बैलानं बसकण मारली. नवखा माणूस शेपूट पिरगाळतो, चाबूक ओढतो. जुनी माणसं आधी जू उतरवतात, सावलीला घेतात, पाणी दाखवतात, पाठीवर हात फिरवतात. मग बैल त्याच्या वेळेला उठतो. उठताना आधी मागचे पाय उचलतो, पुढच्या गुडघ्यांवर थोडा थांबतो, मग उभा राहतो. त्या थांबण्यात घाई करायची नसते.

माझ्या धाकट्या भावानं अशी बसकण मारली होती. दोन वर्षं. आम्ही शेपूट पिरगाळत राहिलो. बैलाचं कळत होतं, भावाचं कळलं नाही.

(मूळ प्रश्नकर्ती)

दादा, तुमचा प्रतिसाद काल रात्री तीनदा वाचला. भाऊ आता बरे असतील अशी आशा करते.

तुम्ही ‘बसकण’ म्हणालात आणि माझ्या डोक्यात एक गाठ सुटली. ‘विषाद’ आणि ‘विषण्ण’ या शब्दांत संस्कृतचा ‘सद्’ धातू आहे, आणि त्याचा अर्थच बसणं, खाली जाणं. गीतेच्या पहिल्या अध्यायात, अर्जुनविषादयोगात, अर्जुन रथात बसतो ते शब्दशः तसंच आहे. अंग गळालंय, तोंड कोरडं पडलंय, हातातून धनुष्य निसटतंय. म्हणजे विषाद हे नुसतं मनाचं दुःख नाही, अंगाची बसकण आहे. हिंदीत याच धातूवरून डिप्रेशनला ‘अवसाद’ म्हणतात. समुपदेशकताई, ‘नैराश्य’पेक्षा ‘विषाद’ तुम्हाला बरा वाटतो का? घरचे निदान ‘विषादायला झालंय काय’ असं विचारणार नाहीत.

पण खरी गंमत पुढे आहे. ‘प्रसन्न’ हा शब्दही त्याच ‘सद्’वरून आलाय. विषण्ण आणि प्रसन्न सख्खी भावंडं! प्रसन्नचा एक जुना अर्थ स्वच्छ, नितळ असा आहे, शरद ऋतूतल्या पाण्यासाठी वापरतात तसा. पाणी प्रसन्न होतं म्हणजे त्यातला गाळ खाली बसतो. एकीकडे माणूस बसतो, दुसरीकडे गाळ बसतो. आणि त्या दुसऱ्या बसण्याला अस्सल मराठी शब्द आपल्याकडे आहे, निवळणं.

पुरानंतर नळाला चार दिवस पाणी नव्हतं, आलं तेही गढूळ. आई बादलीत तुरटीचा खडा धरून पाच-सहा वेळा गोल फिरवायची आणि मग सगळ्यांना दटावायची, ‘आता हात लावायचा नाही.’ संध्याकाळी पाहिलं तर काही झालेलं दिसायचं नाही. सकाळी वरचं पाणी नितळ, तळाला बोटभर चिखल. ती बादली न हलवता, तांब्याने वरूनवरून पाणी काढायची. निवळलं म्हणजे गाळ नाहीसा झाला असं नव्हे. बादलीला धक्का लागला की पुन्हा वर यायचा, पुन्हा थांबायला लागायचं. आजही ऑगस्टमध्ये दोन दिवस सलग पाऊस लागला की माझं तसंच होतं. मी आता घाबरत नाही. ढवळत नाही.

‘मन करा रे प्रसन्न’ मला लोक आजारपणात फार ऐकवायचे आणि ते मला ‘हसरा चेहरा ठेव’ असं ऐकू यायचं. आज मी ते ‘मन निवळू द्या’ असं वाचते. तुकोबांच्या मनात तेच होतं असा माझा दावा नाही.

आता लव्हाळ्याबद्दल. पहिला प्रतिसाद देणाऱ्या दादांचं मी मान्य करते, ‘लवचिक’वर मी अन्याय केला. पण पूर उतरल्यावर आम्ही घाटाकडे गेलो होतो. लव्हाळं वाचलं होतं हे खरं. कसं वाचलं होतं ते सांगते. सगळं एका दिशेला आडवं झोपलेलं, राखाडी चिखलाने माखलेलं, त्यात चिंध्या आणि प्लास्टिक अडकलेलं. दुसऱ्या दिवशी उठून डोलायला लागलं नाही. पुष्कळसं तिथेच वाळलं. कितीतरी दिवसांनी बुडातून हिरवे कोंब आले, तेव्हा कुठे ती जागा पुन्हा हिरवी दिसली. अभंग लहान आहे, त्यात हा मधला काळ नाही. पुस्तिकेत तो हवा, कारण ती वाचणारा माणूस त्याच काळात असणार आहे.

प्रतिसाद ४

छान चाललंय. एक जोड. ‘ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्याला जागा आहे का बघा’ ही वाक्यं आपण अजून सहज वापरतो. तिथल्या मनोरुग्णालयांमुळे गावांची नावंच शिवी झाली. कायद्याने आपले शब्द बदलले. १९१२ च्या कायद्याच्या नावातच ‘लुनसी’ म्हणजे वेड होतं, १९८७ मध्ये ते गेलं, २०१७ च्या कायद्याच्या नावात ‘आरोग्यसेवा’ आली. आपली बोली अजून १९१२ मध्ये आहे.

आणि पुस्तिकेत टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोठ्या अक्षरात टाका. मोफत आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. हे शेवटच्या पानावर नको, पहिल्या पानावर हवं.

(मूळ प्रश्नकर्ती)

नंबर मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला घेतला आहे. तिसऱ्या पानावरचं वाक्य आता असं केलंय : ‘मन खचलं तर सावरायला वेळ लागतो आणि माणसं लागतात. औषधाचा गुण यायला काही आठवडे जातात. मध्ये पुन्हा खाली गेल्यासारखं वाटलं, तरी उतार पडतो.’ मूळ वाक्य सात शब्दांचं होतं, हे तिप्पट झालं. संपादकांना लांबी खटकेल, मी भांडणार आहे. ‘हीलिंग’ नऊपैकी सहा ठिकाणी ‘भरून येणं’, दोन ठिकाणी ‘बरं होणं’. एका ठिकाणी अजून अडलंय.

ते वाक्य बरं होण्याच्या पहिल्या खुणेबद्दल आहे. इंग्रजीत तिथे काहीतरी ‘आशेचा किरण’ छापाचं आहे, ते मला नको. आमच्या घरात ती खूण अशी होती. एप्रिलचा शेवट, औषध सुरू होऊन सहा आठवडे झाले होते. आईने आमटी वाढली आणि मी म्हणाले, ‘आई, चिंच जास्त झालीय गं.’ ती वाढता वाढता थांबली. पळी तशीच पातेल्यात ठेवून पदराने डोळे टिपायला लागली आणि म्हणाली, ‘तोंडाला चव आली म्हणायची.’

‘तोंडाला चव येणं’ तुमच्या भागात मनाच्या दुखण्याला वापरतात का, की फक्त तापानंतर? शुक्रवारपर्यंत सांगा, मग फाइल छपाईला जाईल.