इन्व्हर्टर असून टीव्ही नीट चालत नाही, मदत हवी आहे

मंडळी, आमच्याकडे कोकणात पावसात रोज संध्याकाळी लाईट जाते. इन्व्हर्टर जुना स्क्वेअर वेव्हचा (म्हणजे चौकोनी लहरींची वीज देणारा), बॅटरी १२ व्होल्ट १५० एएच (अँपिअर-तास), पंखे-ट्यूब मस्त चालतात पण टीव्ही लावला की स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज येतो आणि लाईट गेल्या क्षणी सेटटॉप बॉक्स नि राउटर दोन्ही रिस्टार्ट होतात. आई गुडघेदुखीमुळे घरातच असते, संध्याकाळचं कीर्तन तेवढाच तिचा विरंगुळा, ते मध्येच तुटलं की फार वाईट वाटतं हो. टीव्हीमागे ७५ वॅट लिहिलंय, म्हणजे लोडचा प्रश्न नसावा. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर (लाईट गेली की जास्त झटकन बॅटरीवर जाणारी सेटिंग) टाकूनही बघितला, फरक नाही. बॅटरी तीच ठेवून नुसता साईन वेव्ह (लाईनच्या विजेसारख्या गुळगुळीत लहरी देणारा) इन्व्हर्टर घेतला तर भागेल का? आणि राउटर, बॉक्स दोन्ही १२ व्होल्ट दीड-दीड अँपिअरचे आहेत, एकाच छोट्या डीसी यूपीएसवर (अशा वस्तूंना थेट १२ व्होल्ट देणारा बॅटरीचा डबा) चालवलेत का कोणी?