जुन्या ऑसिलेटरच्या चॅसीशी सर्किट डायग्राम जुळत नाही: योग्य आवृत्ती कशी शोधावी?

गोदाकाठ (नांदेड)

नमस्कार. एका शिक्षणसंस्थेने प्रयोगशाळेतील जुने साहित्य लिलावात काढले होते, त्यातून हेवलेट-पॅकार्डचा २००सीडी हा व्हॉल्व्हवर चालणारा ऑडिओ ऑसिलेटर (हव्या त्या वारंवारतेचा संकेत देणारे उपकरण) मी घेतला. वडिलांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातील एव्हो मॉडेल ८ हा मीटर घरात आहेच. व्हॉल्व्ह रेडिओंच्या दुरुस्तीत ही दोन्ही उपकरणे रोज वापरता यावीत, अशी इच्छा आहे. केवळ कपाटात मांडून ठेवण्यासाठी मी हे करत नाही.

अडचण अशी, की २००सीडीचे जे मॅन्युअल इंटरनेटवरून उतरवून घेतले, त्यातील डायग्राम आणि समोरची चॅसी (भाग बसवलेला आतील सांगाडा) यांचा मेळ बसत नाही. पॉवर सप्लायमधील काही कंडेन्सर वेगळ्या मूल्यांचे आहेत, डायग्रामवरचा एक रेझिस्टन्स चॅसीत सापडत नाही, आणि घडीचे मोठे पान स्कॅन करताना कडेला कापले गेल्यामुळे आउटपुटचा भाग वाचताच येत नाही. ट्रान्सफॉर्मर ११५ व्होल्टसाठी जोडलेला आहे की २३० साठी, हेही मला ठरवता आलेले नाही, म्हणून अजून वीज दिलेली नाही. आधी कोणीतरी दुरुस्ती करताना भाग बदलले असतील, की मुळातच आवृत्ती वेगळी असेल? एव्होला १५ व्होल्टची बॅटरी लागते, ती इथल्या बाजारात मिळत नाही. तिच्यासाठी काय करावे, हेही जाणकारांनी सांगावे.

मध्यमलहर (परभणी)

वीज न देता थांबलात, हे फार चांगले केलेत.

आवृत्ती वेगळी असण्याची शक्यता अधिक वाटते. हे मॉडेल १९५०च्या दशकापासून पुढे अनेक वर्षे बनत राहिले आणि त्या काळात आतील भाग वेळोवेळी बदलले गेले, त्यामुळे केवळ मॉडेलच्या नावावरून डायग्राम शोधणे पुरेसे नाही. मागच्या पाटीवरचा अनुक्रमांक पाहा. या कंपनीच्या जुन्या उपकरणांवर आधी तीन आकडे, मग आडवी रेघ आणि पुढे पाच आकडे असतात. नंतरच्या उपकरणांवर चार आकडे, एक इंग्रजी अक्षर आणि मग पाच आकडे असतात. रेघेआधीचा किंवा अक्षराआधीचा हा भाग म्हणजे प्रीफिक्स, आणि एका प्रीफिक्सची सर्व उपकरणे आतून सारखी असतात. चार आकडी पद्धतीत पहिल्या दोन आकड्यांत १९६० मिळवले की वर्ष मिळते आणि पुढचे दोन आकडे आठवडा सांगतात. म्हणजे १४२० असेल तर १९७४ सालचा विसावा आठवडा. मात्र ही तारीख त्या रचनेतील शेवटच्या मोठ्या बदलाची असते, तुमचा नग तयार झाल्याची नव्हे.

आता मॅन्युअलचे पहिले पान उघडा. ते कोणत्या प्रीफिक्सला लागू आहे, हे तिथे छापलेले असते. तुमचा नग त्याहून जुना असेल, तर मॅन्युअलच्या शेवटी मागील बदलांची यादी असते आणि तीवरून डायग्राम जुन्या रूपात नेता येतो. नवा असेल, तर बदलांचे वेगळे पत्रक लागते. स्कॅन करणारे लोक ही शेवटची पाने बहुधा गाळतात, आणि नेमकी तीच आपल्याला हवी असतात.

शोध घेताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. मोजमाप उपकरणांचा हा व्यवसाय १९९९ मध्ये एजिलेंटकडे आणि २०१४ मध्ये कीसाइटकडे गेला, त्यामुळे संगणक विकणाऱ्या एचपीच्या संकेतस्थळावर काही मिळणार नाही. बोट अँकर मॅन्युअल आर्काइव्ह (जुन्या उपकरणांच्या मॅन्युअलचा ऑनलाइन संग्रह) आणि इंटरनेट आर्काइव्ह या दोन्ही ठिकाणी मॉडेलसोबत प्रीफिक्स किंवा मॅन्युअलचे छपाईवर्ष घालून शोधा, आणि मिळतील तितक्या प्रती उतरवून घ्या. एका प्रतीतील कापलेले पान दुसऱ्या प्रतीत पूर्ण असते.

सिरीजबल्ब (लातूर)

डायग्राम मिळेपर्यंत ट्रान्सफॉर्मरचा प्रश्न सोडवता येईल. ११५ आणि २३० अशा दोन्ही दाबांवर चालणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला सहसा दोन सारख्या प्रायमरी (वीज घेणारी वेटोळी) असतात. ११५ साठी त्या पॅरलल आणि २३० साठी सिरीजमध्ये जोडतात, आणि हा बदल टर्मिनलवरच्या लहान जंपरने होतो. प्लग काढलेला असताना मीटर लावून जंपर कुठून कुठे गेले आहेत, ते कागदावर काढा. २३० च्या जोडणीत फ्यूज निम्म्या अँपिअरचा लागतो, हे विसरू नका. आपल्याकडे रात्री शेतीपंप बंद झाले की फीडरवरचा दाब २३० च्या वर जातो, तेव्हा पहिली चाचणी दिवसाच करावी.

पहिल्यांदा वीज देताना ६० वॉटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये ठेवा. पुष्कळ जण व्हेरिअ‍ॅक (दाब कमीजास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर) हळूहळू वाढवून जुने इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर पुन्हा घडवण्याचा सल्ला देतात. तो व्हॉल्व्ह रेक्टिफायर असलेल्या उपकरणाला नीट लागू पडत नाही, कारण फिलामेंट पुरेसे तापेपर्यंत एचटी (व्हॉल्व्हला लागणारा उच्च डीसी दाब) येतच नाही आणि मग एकदम येते. त्यापेक्षा कंडेन्सरचे एक टोक सोडवून, वेगळ्या डीसी सप्लायवर काही दहा किलोओहमच्या रेझिस्टन्समधून त्याला दाब द्यावा आणि गळती उतरते की नाही, ते पाहावे. उतरत नसेल, तर तो बदलावा. कागदी कपलिंग कंडेन्सर (एका व्हॉल्व्हकडून पुढच्याकडे संकेत नेणारे) मात्र तपासत बसू नका, सरळ बदला. ते गळू लागले की पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर धन दाब जातो आणि व्हॉल्व्ह खराब होतो. फिल्मचे कंडेन्सर हैदराबादला कोठीच्या गुजराती गल्लीत किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोडवर मिळतील.

घाटीवाला (छत्रपती संभाजीनगर)

वरच्या एका मुद्द्याशी मी पूर्ण सहमत नाही. सगळे कागदी कंडेन्सर एका बैठकीत बदलले, तर मूळ दोष कोणता होता, ते कधीच कळत नाही, आणि डायग्रामशी पडताळणी करण्यासाठी लागणारा पुरावाही जातो. आधी प्रत्येक भागाचे छायाचित्र आणि मूल्य नोंदवा, एक भाग बदला, पुन्हा मोजा. काढलेले भाग पाकिटात क्रमांक घालून ठेवा.

२००सीडीविषयी विशेष सांगायचे ते स्वच्छतेबद्दल. डायलवर ५ ते ६० आकडे आणि पाच पट्टे, म्हणजे सर्वात खालची वारंवारता ५ हर्ट्झ आहे. ट्यूनिंगच्या गँगमध्ये (डायलसोबत फिरणाऱ्या कंडेन्सरमध्ये) ५०० पिकोफॅरड धरले, तर ५ हर्ट्झसाठी सुमारे ६४ मेगओहम रेझिस्टन्स लागतो. एवढ्या मोठ्या रेझिस्टन्सच्या बाजूने धुळीतून थोडी जरी गळती झाली, तरी खालचा पट्टा चुकतो किंवा ऑसिलेशनच थांबते. मराठवाड्यातील मे महिन्याची धूळ आणि त्यावर पहिल्या पावसाचा दमटपणा, यांनी नेमके हेच होते. गँगचे इन्सुलेटर आणि रेंज स्विचच्या चकत्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पूर्ण वाळवून मगच निष्कर्ष काढा. खालच्या पट्ट्यावर वारंवारता बदलल्यानंतर आउटपुट काही क्षण डोलते, तो दोष समजू नका. वीन ब्रिजमधील (ऑसिलेटरच्या मूळ सर्किटमधील) बल्बचा तंतू तापून स्थिर व्हायला तेवढा वेळ घेतो.

एव्होची १५ व्होल्टची बॅटरी फक्त सर्वात वरच्या ओहम रेंजला लागते आणि तिथे प्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये असतो, त्यामुळे ३ व्होल्टचे पाच लिथियम बटन सेल सिरीजमध्ये बसवले तरी पुरतात. डीसी व्होल्टवर हा मीटर २०,००० ओहम प्रति व्होल्टचा आहे. जुन्या रेडिओंच्या सर्व्हिस शीटमधील व्होल्टेज पुष्कळदा १,००० किंवा त्याहून कमी ओहम प्रति व्होल्टच्या मीटरने घेतलेले असतात, म्हणून मोठ्या रेझिस्टन्समागच्या बिंदूंवर तुमचे वाचन जास्त आले, तर घाईने भाग बदलू नयेत.

गोदाकाठ (नांदेड)

सर्वांचे मनापासून आभार. पाटीवर चार आकडे आणि ए अक्षर निघाले, आणि माझे मॅन्युअल तीन आकडी प्रीफिक्सचे, म्हणजे बरेच आधीचे आहे. आर्काइव्हवर नंतरची एक प्रत मिळाली. तिच्यात न सापडणारा तो रेझिस्टन्स नाहीच आणि पॉवर सप्लायची मूल्येही चॅसीशी जुळतात. जंपर २३० च्या जोडणीत आहेत. मात्र एक कपलिंग कंडेन्सर दोन्ही डायग्रामपेक्षा वेगळ्या मूल्याचा आहे आणि त्याचे सोल्डरही निराळे दिसते, तेव्हा तो नक्कीच नंतर कोणीतरी घातलेला असावा. घाटीवाला दादांच्या सांगण्याप्रमाणे नोंदी करून, आधी तोच बदलणार आहे.

मध्यमलहर (परभणी)

उत्तम. ज्या संस्थेतून उपकरण आले, तिच्या ग्रंथालयात किंवा प्रयोगशाळेच्या कपाटात मूळ छापील मॅन्युअल आहे का, याची चौकशी लिलावाचे उरलेले कागद रद्दीत जाण्याआधी अवश्य करा. मिळाले, तर घडीचे पान न कापता, एकमेकांवर येणाऱ्या भागांत ६०० डीपीआयने स्कॅन करा, बदलांची पिवळी पत्रकेही सोबत घ्या, आणि फाइलच्या नावात प्रीफिक्स लिहून आर्काइव्हला द्या.