वाय गुणसूत्र फक्त झिजतच जाते का?
वाय हे नरातले लिंगगुणसूत्र म्हणजे त्याच्या जोडीदार एक्सचेच झिजून उरलेले रूप, असे म्हटले जाते. हे विधान ड्रॉसोफिला मिरांडा या फळमाशीच्या जातीपुरते पटते, कारण तिथे एक साधे (लिंगगुणसूत्र नसलेले) गुणसूत्र सुमारे 10 ते 15 लाख वर्षांपूर्वी वायला जोडले गेले आणि नर फळमाशीत जोडीच्या गुणसूत्रांमध्ये तुकड्यांची अदलाबदल मुळी होतच नसल्याने त्यावरची जनुके भराभर निकामी होत गेली. ड्रॉसोफिला मेलानोगास्टर या दुसऱ्या जातीच्या वायवरील बहुतेक जनुके मात्र इतर गुणसूत्रांवरून नंतर येऊन स्थिरावलेली आहेत आणि ती मुख्यतः शुक्रजंतूंच्या कामाची आहेत. एकच एक्स असलेली आणि वाय नसलेली माशी नरच होते, पण वंध्य, हे जनुकशास्त्रज्ञ ब्रिजेस यांनी 1916 मध्येच दाखवले होते.

ड्रॉसोफिला स्यूडोऑब्स्क्युरा या तिसऱ्या जातीचे उदाहरण तर मला याहूनही बोलके वाटते: तिच्या पूर्वजांच्या वायवरची जनुके आज ठिपक्याएवढ्या एका साध्या गुणसूत्रावर, म्हणजे मादीतही, सापडतात.