गेमच्या रिलीजला सहा आठवडे, ओपन बीटा (रिलीजआधीची सगळ्यांना खुली चाचणी) घ्यायचाय. काय काय आवरून ठेवायचं?

खटपट्या:
युनिटी या गेम इंजिनवरचा, चौघांनी मिळून खेळायचा को-ऑप गेम आहे. आयएल२सीपीपी बिल्ड (सी शार्प कोडचं सी प्लस प्लस करून बांधलेली आवृत्ती), फक्त विंडोज, स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर. शुक्रवार ते रविवार ओपन बीटा घ्यायचा विचार आहे. लॉगिन आणि मॅचमेकिंगचा सर्व्हर आपला, मुंबई रीजनमध्ये. प्रत्यक्ष खेळ मात्र चौघांतल्या एकाच्या मशीनवर होस्ट होतो. स्टीमवरच्या तिन्हींत काय घ्यावं: डेमो, प्लेटेस्ट (स्टीमची चाचणीसाठीची सोय) की पासवर्डवाली बीटा ब्रँच (त्याच गेमची वेगळी आवृत्ती)? सहा आठवडे पुरतील का? आणि पहिल्याच संध्याकाळी काय कोसळतं?

गच्चीवरचा_अँटेना:
सहा आठवड्यांत गेम बदलत नाही, हे आधी टीममध्ये मान्य करून घ्या. हिशोब मांडा. पहिला आठवडा बिल्ड गोठवणं आणि स्टीमची तपासणी यात जातो. दुसऱ्याच्या शेवटी बीटा, तिसरा तक्रारी निवडण्यात. सहाव्यात कोडला हात लावायचा नाही. म्हणजे दुरुस्तीला उरले दोन आठवडे. तेवढ्यात क्रॅश, लॉगिन, अडकणारं मिशन, डॅमेजचे आकडे एवढंच सुधारतं. 'लढाईत मजा येते का' हा प्रश्न आता विचारून उपयोग नाही, त्याची वेळ सहा महिन्यांपूर्वी होती.

मोठे स्टुडिओही लोकांना गेम दाखवणं आणि सर्व्हर तपासणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवतात. डियाब्लो ४ चा ओपन बीटा मार्च २०२३ मध्ये झाला. १२ ते १४ मे रोजी 'सर्व्हर स्लॅम' घेतलं ते नावाप्रमाणे सर्व्हरवर ताण टाकायला, आणि रिलीज ६ जूनला. उलट बॅटलफील्ड २०४२ चा बीटा ऑक्टोबर २०२१ मध्ये होता आणि रिलीज १९ नोव्हेंबरला. 'बीटाचा बिल्ड जुना आहे' हा खुलासा तेव्हा देण्यात आला, पण रिलीजनंतर तक्रारींचा पूर यायचा तो आलाच.

तिन्हींत प्लेटेस्ट घ्या. त्याला वेगळा अ‍ॅप आयडी (स्टीमवरचा ओळख क्रमांक) मिळतो, त्यावर रिव्ह्यू लिहिता येत नाहीत, त्यामुळे बीटातला राग मुख्य गेमच्या पानावर साचत नाही. की (गेम उघडण्याचे कोड) वाटाव्या लागत नाहीत, म्हणून त्या विकल्याही जात नाहीत. डेमो हे जाहिरातीचं काम आहे, तो नेक्स्ट फेस्ट या स्टीमच्या डेमो-महोत्सवासाठी ठेवा. पासवर्डवाली ब्रँच ज्यांच्याकडे गेम आहे त्यांनाच दिसते, म्हणजे घरच्या मंडळींपुरती.

आणि दार एकदम सताड उघडू नका. प्लेटेस्टमध्ये लोकांना तुकड्यांनी आत घेता येतं. शुक्रवारी दुपारी २००, रात्री आणखी ५००, शनिवारी सगळे. पहिल्या दोनशेंतच सर्वात वाईट क्रॅश सापडतो.

रात्रपाळी:
सर्व्हरबद्दल. खेळ होस्टच्या मशीनवर असला तरी सगळे शिरतात तुमच्याच लॉगिनच्या दारातून, तेव्हा पहिल्यांदा तेच कोसळतं. डियाब्लो ३ चा एप्रिल २०१२ मध्ये ओपन बीटा वीकेंड झाला होता, तरी १५ मे रोजी रिलीजला लोक 'एरर ३७' वर (सर्व्हर व्यस्त असल्याचा संदेश) अडकलेच. बीटात माणसं तीन दिवसांत विखरून येतात, रिलीजला सगळी एकाच मिनिटाला. म्हणून शनिवारी रात्री ९ ची वेळ जाहीर करून सगळ्यांना एकदम बोलवा, आणि गर्दी ऐन भरात असताना लॉगिन सर्व्हर मुद्दाम रीस्टार्ट करा. खरी परीक्षा ती.

क्लायंटमध्ये पुन्हा जोडण्याचं लॉजिक आधी तपासा. अपयश आलं की १, २, ४, ८ सेकंद असं थांबणं दुप्पट करत जा आणि त्यात थोडा रँडम वेळ मिसळा. तो नसेल तर हजार क्लायंट त्याच सेकंदाला परत दार ठोठावतात आणि नुकता उठलेला सर्व्हर पुन्हा आडवा होतो.

आपल्याकडची खास गोम म्हणजे सीजी-नॅट, म्हणजे इंटरनेट कंपनीने एकच आयपी पत्ता अनेकांत वाटणं. मोबाइल डेटावर आणि बऱ्याच केबलवाल्यांच्या फायबरवर शेकडो घरं एकाच सार्वजनिक आयपीमागे असतात. 'एका आयपीवरून मिनिटाला १० लॉगिन' अशी मर्यादा घातली असेल तर अख्खा मोहल्ला बाहेर राहील. मर्यादा अकाउंटवर घाला, आयपीवर नको. त्याच कारणाने होस्टच्या मशीनशी थेट जोडणीही फसते. स्टीम नेटवर्किंग सॉकेट्स ही स्टीमची जोडणीची लायब्ररी वापरा, त्यातून स्टीमचा रिले (मधल्या सर्व्हरमार्फत जोडणी) मिळतो, स्टीमवरच्या गेमना फुकट. शिवाय खेळाडूंचे आयपी एकमेकांना दिसत नाहीत.

जुना_जॉयस्टिक:
वर न आलेला सर्वात महागडा घोळ: सेव्ह फाइल. युनिटीचा पर्सिस्टंट डेटा पाथ, म्हणजे सेव्ह ठेवायचं फोल्डर, कंपनीचं नाव आणि प्रॉडक्टचं नाव यावरून ठरतो (अ‍ॅपडेटा, लोकललो, मग ती दोन नावं). स्टीमचा अ‍ॅप आयडी वेगळा असला तरी प्रॉडक्टचं नाव तेच राहिलं, तर रिलीजच्या दिवशी मुख्य गेम बीटाची जुनी सेव्ह उचलतो आणि गडगडतो. तेही नेमका बीटा खेळलेल्या, म्हणजे तुमच्या हक्काच्या माणसांकडे. बीटा बिल्डचं प्रॉडक्ट नाव बदला, आणि सेव्हमध्ये आवृत्तीचा आकडा ठेवा.

दुसरं, प्लेयर डॉट लॉग, म्हणजे गेम चालताना युनिटी लिहिते ती नोंदींची फाइल. गेम दोनदा सुरू केला की क्रॅशचा लॉग पुसला जातो, कारण युनिटी चालू आणि त्याआधीचा असे दोनच ठेवते. लोक क्रॅशनंतर आधी पुन्हा सुरू करून बघतात, तक्रार नंतर लिहितात. तेव्हा सुरुवातीलाच मागचा लॉग तारखेच्या नावाने बाजूला कॉपी करा. लॉग पाठवण्याआधी त्यातलं विंडोज युजरचं नाव खोडा, फाइलच्या पाथमध्ये ते असतंच. आणि 'बॅकअप धिस फोल्डर बट डोन्ट शिप इट' असं लांबलचक नाव असलेलं फोल्डर प्रत्येक बिल्डमागे जपून ठेवा. ते गेलं तर क्रॅश कोडमध्ये कुठे झाला ते सांगणारे पत्ते म्हणजे नुसते आकडे.

भाषेचे घोळ स्वतःच्या मशीनवर दिसतच नाहीत. जर्मन विंडोजवर सी शार्प 0.5 वाचतो आणि 5 समजतो, कारण तिथे टिंब हजारांसाठी आहे. माउस दहापट वेगाने पळायला लागतो. फ्रेंचवर सरळ एक्सेप्शन येतं. आकडे वाचताना आणि लिहिताना इनव्हेरिअंट कल्चर (कुठल्याही देशाच्या विंडोजवर न बदलणारी आकड्यांची पद्धत) द्या. युजरचं नाव देवनागरीत असेल तर सी शार्पला अडचण नाही, पण एखादी बाहेरची डीएलएल (दुसऱ्याने लिहिलेली कोडची फाइल) जुन्या पद्धतीने पाथ उघडत असेल तर फाइल सापडत नाही. टेक्स्टमेशप्रोमध्ये (युनिटीत अक्षरं दाखवणारं साधन) देवनागरी नावांची जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला बसते, तेही पाहून घ्या.

खटपट्या:
सेव्हचं नाव तेच होतं! बदललं. आता तक्रारी डिस्कॉर्डवर घ्याव्यात की फॉर्मवर?

गच्चीवरचा_अँटेना:
दोन्हीवर नाही, गेममध्येच. एफ८ दाबलं की स्क्रीनशॉट, लॉग, नकाशावरची जागा, ग्राफिक्स कार्ड आणि ड्रायव्हर आपोआप जावेत, खेळाडूने फक्त एक ओळ लिहावी. डिस्कॉर्डवर तोच बग चाळीस वेळा येतो आणि कोणता बिल्ड ते कुणीच सांगत नाही. म्हणून बिल्ड नंबर स्क्रीनच्या कोपऱ्यात कायम छापा, मग स्ट्रीमरच्या व्हिडिओतूनही कळतो. डिस्कॉर्ड ठेवा ते माहीत असलेल्या बगांची यादी वर टाचून ठेवायला.

'लॅग आहे' या तक्रारीवर मात्र लगेच सर्व्हरकडे धावू नका. पहिल्या दहा मिनिटांतला अडखळा बहुधा शेडर (ग्राफिक्स कार्डवर चालणारे छोटे प्रोग्राम) कंपाइल होण्याचा असतो. फ्रेमचा वेळ आणि पिंग दोन्ही नोंदवलेत तर क्षणात फरक कळेल.

रात्रपाळी:
शेवटची मिशन्स बीटा बिल्डमध्ये टाकूच नका. कुलूप लावून लपवलेली फाइल रविवारच्या आत कुणीतरी उघडतंच. बीटा संपल्याची तपासणी सर्व्हरच्या घड्याळावर करा, खेळाडूच्या नको. आणि संपण्याची वेळ भारतीय प्रमाणवेळ आणि यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) दोन्हींत लिहा, नाहीतर अमेरिकेतली मंडळी रविवारी सकाळी उठून बंद दारापाशी येतील.