मदत हवी आहे: कादंबरीतल्या ग्रेट डेनची ती रात्र

घोडबंदर रोडवर घडणाऱ्या एका नव्या कादंबरीचं संपादन सुरू आहे. नायिकेची मैत्रीण जाते आणि तिचा 60 किलोचा ग्रेट डेन नायिकेकडे येतो. तो जेवण टाकतो, दाराशी बसून राहतो. इथवर अगदी पटतं. मग एका रात्री त्याचं पोट फुगतं आणि नायिका हिंगाचं पाणी पाजून सकाळची वाट बघते. हे बदलायलाच हवं. खोल छातीच्या कुत्र्यांत जठर वायूने फुगून पीळ घेतं, रक्तपुरवठा तुटतो. ओकारीचे उमासे येतात, पण लाळेशिवाय काही पडत नाही. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर कुत्रा दगावतो.

पशुवैद्य आणि मोठी कुत्री पाळणाऱ्यांना विचारायचंय: रात्री दोनला कासारवडवलीहून निघाल्यास ही शस्त्रक्रिया ठाण्यात किंवा नवी मुंबईत होते, की मुंबईत परळचं प्राण्यांचं रुग्णालयच गाठावं लागतं? लिफ्ट बंद असताना नायिका आणि अबोला धरलेली शेजारीण त्याला जाड चादरीवर घालून चौथ्या मजल्यावरून उतरवतात. पोटावर दाब न येता जिन्याच्या वळणावर दोघींना ते जमेल का? पीळ सोडवून जठर पोटाच्या भिंतीला शिवल्यावर पहिलं खाणं कधी आणि काय देता? दोघींची मैत्री तिथूनच जुळते, म्हणून तपशील अचूक हवेत.